कुलूपवाल्यांचं ऑनलाइन निधन

कुलूपवाल्यांनी स्वतःच्या मयताचं पुष्पचक्र स्वतःच सही करून घेतलं.

सकाळची वेळ. दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं. पार्सलवाला आत आला, पांढऱ्या फुलांचं भलंमोठं चक्र काउंटरवर आडवं टाकलं आणि मोबाइल पुढे केला. "इथे बोटाने सही करा." कुलूपवाल्यांनी डाव्या हाताच्या बोटाने वेडीवाकडी रेघ ओढली. पार्सलवाला गेला. घेणारा जिवंत आहे की मेलेला, हे बघणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

मग त्यांनी रिबिनीवरची अक्षरं वाचली. 'प्रिय काका-काकूंना अखेरचा निरोप.' खाली त्यांच्या सख्ख्या पुतण्याचं नाव.

त्यांनी मागच्या खोलीतून बायकोला हाक मारली. काकू पदराला हात पुसत आल्या, चष्मा लावला, रिबीन दोनदा वाचली.

"अहो, मीसुद्धा?" त्या म्हणाल्या.

पुतण्याला फोन लावला. त्याने उचलला नाही. त्याच्या वयाच्या लोकांना फोन उचलणं म्हणजे शिक्षा वाटते. मग दोघं पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही जिवंत आहात ना? मग गुन्हा कसला लिहू?" तरी खात्री करावी म्हणून त्याने मोबाइलवर शोधलं, फोटो बघितला, समोरच्या माणसाकडे बघितलं आणि म्हणाला, "फोटो तुमचाच आहे. पण इथे तर दुसरंच लिहिलंय." त्यानंतर तो जरा जपूनच बोलायला लागला.

काकूंनी पुष्पचक्र मागच्या बोळात टाकलं आणि नवऱ्याला बजावलं, "लेकीला यातलं काही कळवू नका. शाळा सांभाळून आधीच दमते ती." मग त्या थेट दावेबाईंकडे गेल्या.

दावेबाई वरच्या आळीत राहायच्या. विमा कंपनीत होत्या. मृत्यूचे दावे खरे की खोटे हे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कागदोपत्री मेलेले लोक त्यांनी चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत पकडले होते. निवृत्त झाल्यावर माणसांबद्दलचं मत जरा सुधारेल, अशी त्यांना आशा होती. सुधारलं नाही.

"काय झालंय ते सांगा. रडून मग घ्या," त्या म्हणाल्या.

काकूंनी सांगितलं. गेले दोन महिने दुकानाचा फोन मुका झाला होता. एरवी काउंटरवर कुलपांचा ढीग पडलेला असायचा. आता ओळखीचं एखादं माणूस चुकून आत येतं, तेवढंच. लोक नवी बटणांची कुलपं घेतात, जमाना बदलला, असं समजून या महिन्याअखेर दुकान कायमचं बंद करायचं दोघांनी ठरवलंही होतं.

"बंद केलं तर काय होईल?"

"हे घरी बसले तर भिंतींशी बोलायला लागतील," काकू म्हणाल्या. "दुकान हाच त्यांचा श्वास आहे हो. दुकान गेलं की हे जातील. मग ते मोबाइलवरचं खरंच होईल."

दावेबाई दुकानात आल्या. चिंचोळी जागा, भिंतीभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, काउंटरला पकड ठोकलेली, कानशी ओळीने लावलेल्या. कुलूपवाले उंच, ताठ, मोजकं बोलणारे. अंगात निळा डगला, उजवा हात डगल्याच्या खिशात.

दावेबाईंनी आपला मोबाइल काढला आणि त्याला तोंडानेच विचारलं, "या गल्लीत कुलूप दुरुस्त करणारं कोण आहे?"

मोबाइल मध लावलेल्या आवाजात बोलला, "क्षमस्व. या भागातील ज्येष्ठ कुलूपतज्ज्ञ आता आपल्यात नाहीत. त्यांचे दुकान कायमचे बंद झाले आहे. जवळचा पर्याय त्याच रस्त्यावर, समोरच्या बाजूला उपलब्ध आहे."

"बघा," दावेबाई म्हणाल्या. "पूर्वी निदान दहा नावं यायची. माणूस दोन-चार उघडायचा, फोन करून विचारायचा. आता उघडतंय कोण? एक प्रश्न, एक उत्तर. अक्कल गहाण टाकायची आणि चालायला लागायचं."

उत्तराच्या खाली बारीक अक्षरांत एका पानाचा पत्ता होता. फुकटात श्रद्धांजली छापायची कुठलीशी जागा. तिथे कुलूपवाल्यांचा हार घातलेला फोटो होता. दुकानाचं नाव होतं, पत्ता होता. दावेबाईंनी मोठ्याने वाचलं.

"'कुलूप हे केवळ लोखंड नसून तो विश्वास आहे, असे मानणारे एक तपस्वी व्यक्तिमत्त्व काळाच्या पडद्याआड गेले. त्यांचे हसू सर्वांना आपलेसे करत असे.'"

"हे हसतात?" काकूंनी विचारलं.

"'उजव्या हाताने साथ सोडल्यानंतरही त्यांनी डाव्या हाताने कानस चालवत सेवेचे व्रत सोडले नाही. सहधर्मचारिणीच्या निधनाचे दुःख उराशी बाळगून त्यांनी अखेरपर्यंत कार्य केले. त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी भरून न निघणारी आहे. दुकान आता कायमचे बंद झाले आहे.'"

"डाव्या हाताने कानस?" काकूंना हसूच आलं. "काहीही लिहितात मेले. आणि मला यांच्याही आधी पोचवली. निदान मागून तरी जाऊ द्यायचं होतं."

कुलूपवाले हसले नाहीत. ते कानशी पुसायला लागले. एकाच हाताने.

दावेबाईंनी ते बघितलं आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

*

समोरचं दुकान काचेचं होतं. आत बोट टेकवून उघडायची, चेहरा दाखवून उघडायची, नुसतं नाव सांगून उघडायची कुलपं मांडलेली. मालकाला सगळे स्मार्टवाला म्हणत. हा स्मार्टवाला बॅटरी संपून स्वतःच्याच दुकानाबाहेर अडकला की रस्ता ओलांडून कुलूपवाल्यांना बोलावून आणायचा, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

"समोरचे गेले हे तुम्हाला कसं कळलं?" दावेबाईंनी विचारलं.

"मोबाइलवर वाचलं."

"ते रोज सकाळी समोर शटर उघडतात. दिसत नाही?"

"दिसतं ना."

"मग?"

स्मार्टवाल्याने मान खाजवली. "मला वाटलं, भाऊ असेल त्यांचा."

"भाऊ रोज तुम्हाला हात करतो?"

"आता बाई, एवढ्या ठिकाणी लिहिलं होतं. सगळीकडे तेच. खोटं कसं असेल?"

दावेबाईंनी मांडलेल्या कुलपांवरून नजर फिरवली. या माणसाच्या हाती लोकांनी घराची दारं सोपवली होती.

"पान तुम्ही टाकलंत?"

"मी? छे. मी फक्त त्याच्यावर जाहिरात केली." त्याने लाज न बाळगता मोबाइल दाखवला. 'काका आणि काकूंच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. विश्वासाचा वारसा आता आमच्याकडे.'

"काकूंच्याही?"

"पानावर होतं ना, त्या आधी गेल्या म्हणून. मी पूर्ण वाचूनच जाहिरात केली. उगाच कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत."

"फार जपता हो तुम्ही."

त्याला टोमणा कळला नाही. तो उलट पुढे सरसावून हळू आवाजात म्हणाला, "तसंही काका मऊ पडले होते. पूर्वी गिऱ्हाइकाला समोर बसवून किल्ली करायचे. किल्ली मालकाच्या डोळ्यांसमोरच झाली पाहिजे, मागच्या खोलीत नाही, म्हणजे दुसरी नक्कल केली असा संशय नको. केवढा तोरा होता त्याचा. आणि आता? ठेवून जा, संध्याकाळी या. माझ्या मामीलाच म्हणाले."

"का म्हणाले असतील?"

"म्हातारपण. दुसरं काय?"

दावेबाई परत रस्ता ओलांडून आल्या. काकूंना त्यांनी चहा टाकायला आत पाठवलं आणि स्टूल ओढून बसल्या.

"खिशातला हात काढा."

कुलूपवाल्यांनी काढला. हात अगदी साधा, स्थिर होता.

"आता कानस धरा."

त्यांनी कानस उचलली. बोटं नाचायला लागली. कानशीचं टोक काउंटरवर टकटक वाजायला लागलं. त्यांनी ती पटकन खाली ठेवली.

"चमचा धरला तर शहाण्यासारखा वागतो," ते म्हणाले. "बारीक काम आलं की असा. म्हणून गिऱ्हाईक गेल्यावर डाव्या हाताने करतो. वेळ लागतो, पण होतं. किल्ली माझी अजून पहिल्या झटक्यात फिरते, बाई."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. आणि डॉक्टरला."

"काकूंना?"

"नाही. ती जेवायची नाही, झोपायची नाही. तिला सांगू नका."

"डॉक्टर इथला?"

"लांबचा. मोठ्या दवाखान्यातला."

"एकटे गेला होतात एवढ्या लांब?"

कुलूपवाल्यांनी हात परत खिशात घातला. "चहा आला," ते म्हणाले. चहा अजून आला नव्हता.

*

पुतण्याची कचेरी एका खोलीत होती. भिंतीवर पडदेच पडदे. लोकांच्या दुकानांचे छोटे व्हिडिओ करून देणं हा त्याचा धंदा. दावेबाईंनी नाव सांगितल्यावर त्याने कानातलं हेडफोनचं एक बोंडूक काढलं. दुसरं राहू दिलं.

"पुष्पचक्र तू पाठवलंस?"

"हो. छान होतं ना?"

"तुझे काका-काकू जिवंत आहेत."

त्याने दुसरंही बोंडूक काढलं. चेहरा पडला, ते मात्र खोटं नव्हतं. "दोघंही?"

"दोघंही. फोन करून का नाही विचारलंस?"

"अशा वेळी फोन केला की लोक रडतात. मग काय बोलायचं कळत नाही."

"घरी जाऊन यायचं."

"तेच तर. तिथे तर आणखी रडतात."

"कळलं कसं तुला?"

"काल त्यांच्या दुकानाची माहिती बघत होतो. वेबसाइट मीच करून दिली होती ना पूर्वी. मशीनने सांगितलं, गेले म्हणून. मग ते पान उघडून वाचलं. काकू आधीच गेल्याचं वाचून तर मला वाईटच वाटलं. म्हटलं, आपण किती बिझी असतो."

"काकांचा हात कसा आहे, माहीत आहे?"

"हात? हाताला काय झालं?"

"पानावर आहे की."

"ते मला वाटलं असंच लिहिलंय. कवितेसारखं."

"ते पान कोण टाकू शकतं?"

"कुणीही. नाव-पत्ता टाकायचा, फोटो चिकटवायचा, मशीनला दोन ओळी सांगायच्या. ते फुलवून देतं. नकाशावर दुकान बंद म्हणून कळवायचं, तेही कुणालाही जमतं. मग बाकीची मशीनं ते पान वाचून तेच सांगत सुटतात. एकदा पसरलं की संपलं."

"आणि हे खरं आहे का, ते कोण बघतं?"

पुतण्याने प्रामाणिकपणे विचार केला. "कुणीच नाही," तो म्हणाला.

त्याची कीव करावी की कान धरावा, हे दावेबाईंना ठरवता आलं नाही. त्यांनी त्याला तिथूनच काकूंना फोन करायला लावला आणि त्या निघाल्या. मागे तो ओशाळून म्हणत होता, "काकू, कशी आहेस?"

*

लेक शाळेत मुख्याध्यापिका होती. टापटीप टेबल, टापटीप साडी, टेबलावर मोठा संगणक. दावेबाईंना तिने आदराने बसवलं. विषय निघाला तशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे तुम्हालाही कळलं," ती म्हणाली. "मी महिनाभर झगडतेय, बाई. कंपनीला तक्रारीवर तक्रारी करतेय. उत्तर कोण देतं? मशीन. हल्लीची ही मशीनं मनाचंच काहीतरी रचून सांगतात. कुणाला धरायचं?"

"आईबाबांना सांगितलं नाहीत?"

"त्यांना कशाला त्रास? ते बिचारे मोबाइल उघडतही नाहीत. त्यांना कधी कळलंही नसतं."

"बाबांचा धंदा बसला पण."

"खरं सांगू? बसला तर बसला. वय झालंय. सुखाने आमच्याकडे येऊन राहावं."

"तसं त्यांना म्हणालात कधी?"

"बाबांना? त्यांच्यासमोर बोलायची कुणाची टाप आहे?"

दावेबाईंनी टेबलावरच्या संगणकाकडे बोट केलं. "काम वाढलं असेल तुमचं."

"उलट कमी झालं. पालकांची पत्रं, सूचना, भाषणं, सगळं आता यालाच सांगते. दोन ओळी दिल्या की पानभर लिहून देतं. मी पाठवून टाकते."

"वाचून?"

"वेळ कुठे असतो? चांगलंच लिहितं ते." मग ती जरा पुढे झुकली. "आणि हल्ली कामात काही कमी-जास्त झालेलं चालत नाही, बाई. आमचे चित्रकलेचे सर स्नेहसंमेलनात मंचावर अडखळून पडले. कुणीतरी व्हिडिओ काढला. गावभर हसू. त्या माणसाने नोकरी सोडली. लोक मोबाइल घेऊन टपलेलेच असतात."

"खरं आहे. तुमच्या तक्रारीत काय लिहिलंत?"

"जे खोटं आहे ते. बाबा गेले हे खोटं. दुकान बंद झालं हे खोटं."

"आणखी?"

"आणखी काय? दोनच तर गोष्टी आहेत."

"बरोबर," दावेबाई म्हणाल्या आणि उठल्या. दारात थांबून त्यांनी सहज विचारलं, "बाबांना बाहेरगावी कुठे जायचं असलं तर कोण नेतं हो?"

"मीच. दुसऱ्या कुणाच्या गाडीत ते बसतच नाहीत."

"संध्याकाळी शाळा सुटली की दुकानात या. पान कुणी टाकलं ते कळलंय."

लेकीने टेबलावरचा सरळच असलेला पेन उचलून पुन्हा सरळ ठेवला.

*

संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. काउंटरच्या आत कुलूपवाले आणि काकू. बाहेर स्मार्टवाला, पुतण्या आणि पिशवी छातीशी धरलेली लेक. दावेबाई स्टुलावर.

"खोट्या मयतात फायदा कुणाचा, हे लोक आधी विचारतात," त्यांनी सुरुवात केली. "ते सिनेमात ठीक. फायदा तर या समोरच्यांचाही झाला. मी नोकरीत वेगळंच बघत आले. ज्याच्या घरी खरंच माणूस गेलंय, तो कागदातलं अक्षर न् अक्षर वाचतो. वडिलांचं वय एका वर्षाने चुकलं तरी भांडायला येतो. खोटा दावा करणारा वाचत नाही. त्याला सही करून मोकळं व्हायचं असतं."

स्मार्टवाल्याने घाम पुसला.

"तुम्ही घाबरू नका. तुम्ही मूर्ख आहात, पण तुम्ही पान वाचलंत. काकूही गेल्या हे तुम्हाला माहीत होतं, जाहिरातीत तसं लिहिलंत. या पुतण्यानेही वाचलं, म्हणून रिबिनीवर दोघांची नावं आली. लाज दोघांनाही नाही, पण पान दोघांनी वाचलंय. दोघं फसलेले आहेत. आणि एका माणसाने मला सांगितलं की महिनाभर त्या पानाविरुद्ध झगडतोय. त्या पानात खोट्या गोष्टी किती? दोनच. बाबा गेले आणि दुकान बंद झालं."

काकूंनी मान वर केली.

"तिसरी खोटी गोष्ट तुम्ही आहात, काकू. तुम्हालाही मारलंय त्या पानाने. सख्ख्या लेकीने ते पान एकदा जरी वाचलं असतं, तर तक्रारीत पहिली ओळ आईची आली असती. तिने वाचलेलंच नाही. वाचायचं कशाला? टाकलं होतं तिनेच."

बाहेरून एक स्कूटर गेली.

"काहीतरीच काय," लेक म्हणाली. "मशीन काहीही लिहितं, हे सगळ्यांना माहीत आहे. मशीनने चूक केली तर मी काय करू?"

"आईचं मशीनने रचलं, कबूल. पण त्याच पानात एक गोष्ट खरी आहे. ती मशीनला रचता येणार नाही. गावाला माहीत नाही. या समोरच्यांना संशय आला, पण म्हातारपण समजून सोडून दिला. काकूंना वाचून हसू आलं." दावेबाई कुलूपवाल्यांकडे वळल्या. "मला माफ करा. मी सांगणार नव्हते."

"सांगा," कुलूपवाले म्हणाले.

"यांचा उजवा हात थरथरतो. बारीक काम आता डाव्या हाताने करतात. हे त्यांना माहीत, त्या लांबच्या डॉक्टरला माहीत आणि गाडीतून तिथे घेऊन गेलं त्या माणसाला माहीत. डॉक्टरला या दुकानाचं नाव-गावही ठाऊक नाही. आणि हे दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसत नाहीत. तुम्हीच सांगितलंत मला. मशीनला दोन ओळी द्याव्या लागतात. तुम्ही हाताचं सांगितलंत, म्हणजे जरा मनाला भिडेल असं लिहून देईल. त्याने दिलं. वर आई मेल्याचंही जोडून दिलं. तुम्ही चिकटवून पाठवून दिलंत, पालकांना सूचना पाठवता तसंच."

काकूंनी नवऱ्याचा डगल्याच्या खिशातला हात बाहेर ओढला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. लेकीकडे बघून म्हणाल्या, "का गं?"

लेकीचा धीर सुटला. "मी काय वाईट केलं? उद्या कानस सटकून बोट तुटलं असतं. कुणीतरी तो हात नाचतानाचा व्हिडिओ काढला असता. मुख्याध्यापिकेचे वडील म्हणून शाळाभर फिरला असता. लोक हसले असते बाबांना. मला ते बघवलं नसतं. म्हटलं, आपोआप गिऱ्हाईक कमी होईल, बाबा स्वतःच म्हणतील बास झालं. मग मी पान काढून टाकणार होते. कुणालाच कळलं नसतं. हे सगळं मी प्रेमापोटी केलं."

"प्रेमापोटी," दावेबाई म्हणाल्या. "बापाला मारलं ते समजून-उमजून. आईला मारलं ते न वाचता. आणि वर प्रेम. माझ्याकडे खोटे दावे करणारे चोर यायचे, ते निदान प्रेमाचं नाव घेत नव्हते."

"आई, तू तरी समजून घे."

काकू हात सोडायला तयार नव्हत्या आणि लेकीकडे बघायलाही तयार नव्हत्या.

कुलूपवाले बोलले तेव्हा आवाज चढलेला नव्हता. "मला वाटायचं, कुणीतरी म्हणावं. तुझ्या आईला मी सांगू शकत नव्हतो. तुला माहीत होतं. परत येताना गाडीत मी वाट बघत होतो, तू म्हणशील, बाबा, आता थांबा. तू गाणी लावलीस. एकदा म्हणाली असतीस ना, तर मी दुसऱ्या दिवशी शटर ओढलं असतं."

लेक रडायला लागली. "आता थांबा ना, बाबा."

"आता नाही थांबणार. आता मी थांबलो तर ते पान खरं होईल."

लेकीने घाईघाईने मोबाइल काढला. पान उडवलं. नकाशावर दुकान चालू असल्याचं कळवलं. मग सगळ्यांसमोर तिने मोबाइलला विचारलं आणि तो त्याच गोड आवाजात म्हणाला, "क्षमस्व. ज्येष्ठ कुलूपतज्ज्ञ आता आपल्यात नाहीत." तिने पुन्हा दुरुस्ती पाठवली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. ती पुतण्याकडे वळली.

"ताई, ते पान आता वीस ठिकाणी उतरलंय," तो म्हणाला. "याने त्याचं वाचलंय, त्याने याचं. मूळ उडवून काय उपयोग? निघेल तेव्हा निघेल."

"कधी?"

"काय सांगणार? विचारायचं तरी कुणाला?"

"बाबांकडे तेवढा वेळ नाही," दावेबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईकच आलं नाही तर महिनाअखेर शटर ओढावंच लागेल. पायी जा. या गल्लीतलं प्रत्येक घर, मग पलीकडची गल्ली. दार वाजवायचं आणि तोंडाने सांगायचं. बाबा जिवंत आहेत, दुकान चालू आहे आणि खोटं मी पसरवलं होतं. हे शेवटचं गाळायचं नाही."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. तेवढ्यासाठीच तर पाठवतेय."

लेकीने बापाकडे बघितलं. ते पकडीत एक कुलूप बसवत होते, डाव्या हाताने, सगळ्यांच्या देखत. तिला थांब म्हणायला कुणी पुढे आलं नाही.

ती पहिल्या इमारतीत शिरली. तळमजल्यावरच्या दाराची बेल वाजवली. एक बाई बाहेर आल्या. लहानपणापासून त्या लेकीला ओळखत होत्या. त्यांच्या दाराचं कुलूपसुद्धा कुलूपवाल्यांनीच बसवलेलं होतं.

"काकू, माझे बाबा जिवंत आहेत," ती म्हणाली. "दुकान चालू आहे. ते गेल्याचं मीच खोटं टाकलं होतं."

बाईंनी तिच्या रडून सुजलेल्या डोळ्यांकडे मायेने बघितलं. "थांब हं, बाळा," त्या म्हणाल्या आणि चष्मा लावून मोबाइलमध्ये बघायला लागल्या. बराच वेळ बोट वरखाली फिरवत राहिल्या. मग त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"इथे तर गेलेच म्हणतायत गं. सावर स्वतःला. असं होतं, सुरुवातीला खरंच वाटत नाही."

त्यांनी हळूच दार लावून घेतलं. लेक तिथेच उभी राहिली. मग तिने पुन्हा बेल वाजवली.